बाटलेले मूल आणि क्षमा पावलेले मूल

मत्तयकृत शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय आपण पाळक व उपदेशक बहुधा तुकडे करून वापरतो. शब्बाथ शाळेच्या वार्षिक उपासनेत आरंभीची वचने वाचावयाची, कारण तेथे प्रभूने एका बालकास शिष्यांच्या मध्ये उभे केले आहे. मंडळीत तंटा उद्भवला की मधली वचने काढावयाची, कारण अपराधी बंधूस प्रथम एकांतात, मग दोघातिघांसमक्ष आणि शेवटी मंडळीसमोर समजवावे असा क्रम तेथे घालून दिला आहे. क्षमेवर उपदेश करण्याचा प्रसंग आला की अखेरचा दृष्टांत घ्यावयाचा. त्यात राजाने अगणित ऋण सोडून दिलेला दास बाहेर पडताच आपल्या सोबत्याचा गळा धरतो. हे सर्व एकाच अध्यायात व एकाच ओघात आले आहे, याचा आपणांस विसर पडतो. ज्या अध्यायाच्या आरंभी लेकरू उभे आहे, त्याच अध्यायाच्या शेवटी ऋणमुक्त दास उभा आहे, आणि पेत्राने कितीदा क्षमा करावी म्हणून केलेली पृच्छा या दोघांच्या मध्ये आहे. लेकरासारखे होणे म्हणजे काय, याचे विवरण प्रभूने क्षमेच्या दृष्टांताने पुरे केले, असे आम्हांस वाटते.

हे मान्य केले तर निरागसतेविषयीची आपली रूढ कल्पना बदलावी लागते. आपल्या बोलण्यात निरागस म्हणजे ज्यास अद्याप काही लागलेले नाही असा. धुतलेले वस्त्र घडी मोडण्यापूर्वी असते तसा. ही कल्पना शुभवर्तमानातून आलेली नसून सोवळ्याओवळ्याच्या दीर्घ संस्कारातून आली आहे, आणि ख्रिस्ती झालेल्या घरांतूनही ती गेलेली नाही. जे विटाळले नाही ते शुद्ध, आणि जे एकदा विटाळले ते पुन्हा कधी पूर्ववत व्हावयाचे नाही; फार तर चालवून घ्यावयाचे. मराठी मंडळीच्या इतिहासात या कल्पनेची व कृपेच्या शिकवणीची गाठ अनेकदा पडली. त्यांपैकी काही प्रसंग येथे क्रमाने मांडण्याचा आमचा विचार आहे.

हा लेख आम्ही हैदराबादेतील चिक्कडपल्लीतून लिहीत आहोत. हुसेनसागराच्या पूर्वेस व मुसी नदीच्या उत्तरेस असलेल्या या वस्तीच्या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, मराठी कानास त्यात चिखल ऐकू येतो. भोवती तेलुगू व दख्खनी; पण जवळच्या काचीगुड्यात व सुलतान बाजारात मराठी घरे पिढ्यान् पिढ्या आहेत. 1907 साली निघालेली विवेकवर्धिनी शाळा व 1922 साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय या संस्था त्याची साक्ष देतात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत जालना, औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद ही सर्व मराठी भूमी, तसेच कानडी मुलखातील गुलबर्गा, हैदराबाद राज्यातच होती. काचीगुड्याहून मनमाडच्या दिशेने जाणारी गाडी आजही जालन्यावरून जाते. त्यामुळे येथील मराठी ख्रिस्ती वाचकास जालन्याचा व गुलबर्ग्याचा इतिहास परका नाही. पण त्या इतिहासाचे मूळ मुंबईत आहे, म्हणून आरंभ तेथून केला पाहिजे.

1843 हे वर्ष मुंबईच्या स्कॉटिश मिशनला कसोटीचे गेले. त्या वर्षी स्कॉटलंडात राष्ट्रीय चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि जॉन विल्सन, रॉबर्ट नेस्बिट, मरे मिचेल प्रभृती मिशनरी नव्या फ्री चर्चमध्ये गेले. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात त्यांच्या शाळेतील नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेतला. नारायणाचा धाकटा भाऊ श्रीपत हाही नेस्बिट यांच्या घरी राहत होता व तेथेच जेवत होता. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. त्याचे वय बाराच्या आतबाहेर होते. वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी मुलगा अल्पवयी असल्याचे ठरवून त्यास वडिलांच्या हवाली केले. मुलगा जाण्यास राजी नव्हता, असे मिशनच्या वृत्तांतात नमूद आहे.

मुलगा घरी परतला, पण घर त्यास परत घेऊ शकेना. मिशनऱ्याच्या घरी राहून त्याने अन्नोदक घेतले होते. त्यामुळे तो बाटला, आणि त्यास जातीत घेता येईल किंवा नाही यावर मुंबईच्या ब्राह्मणवर्गात दोन तट पडले. या प्रसंगी ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले. अजाण वयात घडलेल्या गोष्टीसाठी मुलास कायमचे टाकणे अन्यायाचे आहे, प्रायश्चित्त देऊन त्यास परत घ्यावे, असा त्यांचा पक्ष होता. मुलास काशीस पाठवून प्रायश्चित्त देण्याचा उपाय पुढे आला. परंपरेच्या अभिमान्यांनी कडवा विरोध केला आणि जांभेकरांना स्वतःलाही सामाजिक रोष सोसावा लागला. पुढे तीन वर्षांतच, 1846 साली, ऐन तारुण्यात त्यांचे निधन झाले.

या प्रकरणाकडे आपल्या लेखकांनी बहुधा छळाची एक कथा म्हणून पाहिले आहे, आणि महाराष्ट्राच्या इतिहासकारांनी शुद्धीच्या चळवळीचा आरंभ म्हणून. दोन्ही दृष्टी आपापल्या परीने ठीक आहेत. आम्हांस मात्र त्यातील मुलाकडे पाहावेसे वाटते. न्यायालयाने त्याचे वय मोजले, शास्त्र्यांनी त्याने कोणाचे अन्न खाल्ले हे मोजले, आणि मिशनने एक आत्मा हातचा गेला असे मोजले. प्रत्येकाच्या हिशेबात तो होता. पण मध्ये उभे करून त्याच्याकडून काही शिकावे असे त्या गर्दीत कोणास वाटल्याचे दिसत नाही. आणि त्या मुलाशी कृपेने वागण्यासाठी ज्याने स्वतःचे काही गमावले तो मनुष्य ख्रिस्ती नव्हता. धर्मेतिहास लिहिताना ही गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

तथापि जांभेकरांच्या हाती असलेले साधन जुनेच होते. प्रायश्चित्त म्हणजे दोष लागलेल्याने स्वतः करावयाचा विधी. बारा वर्षांच्या मुलाने जेवल्याचे प्रायश्चित्त घ्यावे, यातच त्याचा अपराध मान्य केलेला होता. येथे आपल्या मराठी पवित्र शास्त्रातील एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. योहानाच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताविषयी बोलताना मराठी भाषांतरकारांनी हाच ‘प्रायश्चित्त’ शब्द योजला आहे. धर्मशास्त्राच्या पोथीतला शब्द, पण त्याची जागा बदलली: मनुष्याने करावयाचे कर्म येथे एका व्यक्तीचे नाव झाले आहे. आपले उपदेशक हा शब्द दर प्रभुभोजनाच्या वेळी उच्चारतात. हा बदल किती मोठा होता, हे उमजण्यासाठी श्रीपत शेषाद्रीची हकीकत त्यांनी एकदा तरी श्रोत्यांना सांगावी. ‘नवा जन्म’ या शब्दाची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे ‘पुनर्जन्म’ शब्द टाळून भाषांतरकारांनी शहाणपणा केला, नाहीतर निकदेमाची शंका आपल्या खेड्यांतून अधिकच बळावली असती.

थोरला भाऊ नारायण याचे पुढील आयुष्य आपल्या प्रांताशी निगडित आहे. 1854 साली त्याची पाळक म्हणून दीक्षा झाली, आणि 1860 नंतरच्या दशकात निजामाच्या राज्यातील जालना हे त्याचे कार्यक्षेत्र बनले. सर सालारजंग दिवाण असताना त्याने निजाम सरकारकडून जमीन मिळवली व जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. त्या गावातील बहुतेक लोक मांग समाजातून आलेले होते. 1873 साली न्यू यॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस हा मराठी पाळक गेला होता, हे पुष्कळांस ठाऊक असते. पण त्याहून मोठी गोष्ट बेथेलच्या मेजाभोवती घडत होती. ज्या ब्राह्मण घरातील धाकटे मूल परक्याच्या ताटात जेवल्याने बाटले, त्याच घरातील थोरला मुलगा मांग बंधुभगिनींबरोबर एका भाकरीचा व एका प्याल्याचा वाटेकरी झाला. नारायणरावांच्या मनात त्या वेळी आपला धाकटा भाऊ येत असेल काय, हे लिहिणे इतिहासकाराचे काम नव्हे. एवढे खरे की, स्पर्शाने जाणारी शुद्धता त्यांनी सोडून दिली होती.

बेथेलविषयी फार गोड चित्र रंगविण्याचीही गरज नाही. ब्राह्मण पाळकाने भेद सोडला म्हणून मंडळीतले भेद सुटले असे झाले नाही. महार व मांग हा भेद मराठवाड्यातील व नगरकडील मंडळ्यांत दीर्घकाळ टिकला, आणि सोयरिकीच्या वेळी तो आजही डोके वर काढतो, हे आपणांपैकी प्रत्येक पाळकास ठाऊक आहे. शुद्धतेची कल्पना बाप्तिस्म्याच्या पाण्यात आपोआप विरघळत नाही.

ती कशी विरघळते हे पाहावयाचे असेल तर एका ग्रंथाकडे वळावे लागते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली, आणि अखेरचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर (मृत्यू 1936) निघाला. मराठी साहित्यिकांनी तिच्या भाषेची व विनोदाची थोरवी मुक्तकंठाने गाइली. धर्मशास्त्राचा ग्रंथ म्हणून मात्र तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. आमच्या मते पापक्षमेवर मराठीत जे काही लिहिले गेले आहे त्यांत या ग्रंथाची जागा फार वरची आहे, जरी क्षमेचे विवेचन म्हणून त्यात एकही प्रकरण नसले तरी.

ग्रंथाचा आरंभच सोवळ्यापासून होतो. 1857 च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे त्यांच्या वडिलांच्या सासऱ्यांना, फाशी झाली. त्या धक्क्याने वडिलांच्या मनात विटाळाचा असा काही धसका बसला की पुढे सारे घर त्यांच्या सोवळ्याने वेठीस धरले गेले. धुणे, न्हाणे, शिवाशिव; मुलांच्या वाट्यास भीती. येथे इतिहासाचा एक क्रूर खेळ दिसतो. रक्तपात सरकारने केला, आणि त्याचा डाग धुण्याचे श्रम नाशिकजवळच्या एका घरातील लहान मुलांवर पडले. ज्या अपराधाचा निकाल कोठेच लागत नाही, तो असा भलत्याच जागी धुतला जातो. प्रायश्चित्ताला अंत नसतो, कारण डाग मुळात हातावर नसतोच.

त्यांचे पती नारायण वामन टिळक यांना 1893 च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाशी ते थबकले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने हे मरणाहून वाईट होते. काही काळ पतिपत्नींची ताटातूट झाली, मग एकत्र राहणे पण निराळी चूल, असा तो संसार चालला. राहुरीच्या मुक्कामात त्यांच्या मनाने वळण घेतले. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केला आहे, असे त्यांच्या मनात लख्ख झाले आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली झाला. हा क्रम आमच्या उपदेशकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पतीच्या बाप्तिस्म्यापासून पाच वर्षे लोटली, आणि सिद्धांताच्या आधी सोवळे सुटले.

पण आमच्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट ग्रंथाच्या स्वरात आहे. टिळक हे फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्रास प्रिय झाले. अमेरिकन मराठी मिशनच्या ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकाशी त्यांचा निकट संबंध होता. त्यांच्या भजनांत भक्त हा ख्रिस्तापुढे आईच्या लेकरासारखा उभा असतो. हेच टिळक घरात शीघ्रकोपी, लहरी व हिशेबाच्या बाबतीत अगदीच बेफिकीर होते. क्षणात घर सोडून निघत, क्षणात विरघळत. लक्ष्मीबाईंनी हे काहीच लपविलेले नाही. आपणांस झालेला ताप त्यांनी सविस्तर सांगितला आहे. पण वाचकाच्या मनात टिळकांविषयी तिटकारा उत्पन्न होत नाही, आणि बाईंविषयी नुसती दयाही येत नाही. वाचक हसतो. पतीच्या निधनानंतर (1919) साठीकडे झुकलेली एक विधवा आपल्या मुलाच्या आग्रहावरून आठवणी सांगू लागते, आणि त्यात कुठे जाळून टाकलेला हिशेब असावा तसा मोकळेपणा असतो. सोसलेले विसरून हा मोकळेपणा आलेला नाही. सर्व आठवूनही त्यातील येणे सोडून दिल्यावरच असे लिहिता येते. सोवळ्याच्या धाकात ज्या मुलीचे बालपण गेले, तिला ते वयाच्या साठीत मिळाले, असे आम्ही म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या तुलनेत टिळकांच्या बालगीतांतील निरागसता आम्हांस किंचित उणी वाटते. टिळकांचे काव्य आम्हांस प्रिय आहे, पण फूल व मूल यांच्या ठायी जी निष्पापता कवीस दिसते ती निसर्गाची देणगी आहे, ती कोमेजते. पवित्र शास्त्र मुलांना देवदूत मानीत नाही. प्रभूने ज्या मुलास मध्ये उभे केले ते त्या वेळच्या समाजात मान नसलेले, शब्दास किंमत नसलेले, दुसऱ्यावर सर्वस्वी अवलंबून असलेले मूल होते. घेतल्याशिवाय त्याचा एक दिवस जात नाही, आणि घेताना त्यास लाज वाटत नाही. ऋण सुटलेल्या दासास नेमके हेच जमले नाही. दृष्टांतात तो राजाकडे मुदत मागतो, फेडीन म्हणतो. राजाने सगळेच सोडले तरी त्याच्या मनातली वही मिटली नाही, म्हणून बाहेर पडताच दुसऱ्याचे पान त्याने उघडले.

वही न मिटलेल्या ख्रिस्ती मनुष्याचे वर्णन पंडिता रमाबाईंनी स्वतःविषयीच केले आहे. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 साली त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले, पुढील वर्षी ते पुण्यास नेले. जगभर कीर्ती झाली. आणि तरीही, आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाची कबुली त्यांनी 1907 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत दिली. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, 1891 च्या आसपास, त्यांस उमज पडला. विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचे आत्मवृत्त या कामी त्यांना साहाय्यभूत झाले, असे त्या सांगतात. हा हॅसलम कॉर्नवॉल परगण्यातील पाळक. त्याचे खरे परिवर्तन स्वतःच्याच व्यासपीठावर, स्वतःचाच उपदेश चालू असताना झाले. (पाळकवर्गाने हे वाचून हसावे की घाबरावे, हे ज्याने त्याने ठरवावे.)

रमाबाईंचे बालपण आठवले म्हणजे या उशिराचा अर्थ कळतो. अनंतशास्त्री डोंगरे यांनी कन्येस संस्कृत शिकविले, हे त्या काळी केवढे धाडस होते! पण ते कुटुंब तीर्थामागून तीर्थे करीत फिरले, स्नाने, दाने, उपवास यांत सर्व धन गेले, आणि 1874 च्या सुमाराच्या दुष्काळात आईबाप अन्नावाचून गेले. पुण्य साठविण्याचे शिक्षण रक्तात भिनलेल्या त्या विदुषीस, जे फुकट आहे ते फुकट घ्यावयास शिकण्यास आठ वर्षे लागली यात नवल नाही. विद्वत्ता येथे आड येते. आमच्या धर्मशिक्षणाच्या शाळांनी हे मनावर घ्यावे.

1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, पुढे 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून. केडगावच्या माळरानावर मुक्ती सदन उभे राहिले. या मुलींपैकी काहींच्या वाट्यास दुष्काळ-छावण्यांच्या आसपास जे आले होते, त्याविषयी रमाबाईंनी त्या काळच्या स्त्रीस दुष्कर अशा स्पष्टपणे लिहिले आहे. मुली विकल्या गेल्या होत्या, भ्रष्ट केल्या गेल्या होत्या. समाजाच्या कोशात त्यांच्यासाठी एकच शब्द होता, आणि तो श्रीपतसाठी वापरलेलाच होता. रमाबाईंनी अशा पीडित स्त्रियांसाठी मुक्तीच्या आवारात निराळे घर केले आणि त्यास ‘कृपासदन’ नाव दिले. नाव साधे आहे. शुद्धिगृह, सुधारगृह अशी नावे त्यांना सुचली नसतील असे नाही. संस्कृत त्यांच्या जिभेवर होते. शुद्धिगृहात गेलेली स्त्री बाहेर येईपर्यंत अशुद्ध असते. कृपेच्या घरात मात्र ती उंबरठ्यावरच स्वीकारलेली असते.

1905 च्या जूनअखेर मुक्तीत जे जागृतीचे दिवस आले त्यांची वर्णने आपण ऐकली आहेत. वर्षारंभापासून प्रार्थनेचे गट जमत होते. मग रडणे, पापांची कबुली, आणि त्यामागून आनंदाचा असा पूर की पुष्कळ समंजस ख्रिस्ती मंडळींना तो गोंगाट वाटला. या गोष्टींचे धर्मशास्त्रीय मूल्यमापन आजवर पुष्कळ झाले. पंथोपपंथांनी त्यावर आपापले शिक्के मारले. आम्हांस त्यात एक साधी गोष्ट दिसते. ज्या मुलींना बालपण असे मिळालेच नव्हते, त्या टाळ्या वाजवीत होत्या. त्यांच्यावर इतरांनी केलेल्या पापांची लाज आजवर त्यांनीच वाहिली होती. कबुलीच्या वेळी स्वतःचे जे होते ते त्यांनी देवापुढे ठेवले, आणि दुसऱ्याचे जे होते ते गळून पडले. या दोहोंत भेद करणे पाळकाचे अत्यंत नाजूक काम आहे. अत्याचार सोसलेल्या मुलीस पश्चात्तापाचा उपदेश करणारा उपदेशक तिच्यावर दुसरा अत्याचार करतो. आणि तिने अपराध्यास तत्काळ क्षमा करावी अशी घाई करणारा, मत्तयाच्या त्याच अध्यायात लहानग्यांस अडखळविणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी आहे हे विसरतो. क्षमेचा अध्याय न्यायाविषयी मुका नाही.

मुक्तीचे काम हैदराबाद राज्यातही आले. 1910 नंतरच्या काळात गुलबर्गा येथे मुलींसाठी शांतिसदन ही शाळा निघाली, आणि रमाबाईंची कन्या मनोरमाबाई तिचा भार वाहत असत. 1921 साली आईच्या आधी मुलगी गेली. आपल्या भागातील मंडळ्यांनी या शाळेची आठवण जितकी ठेवावयास हवी होती तितकी ठेवली नाही, असे खेदाने म्हणावे लागते. जालना आठवते, मेदकचे 1924 साली पूर्ण झालेले भव्य मंदिर डोळ्यांस दिसते. मुलींची शाळा मात्र विसरली जाते.

आता हा इतिहास आमच्या मंडळ्यांच्या दारी आणावा लागेल, कारण आमच्याही वह्या आहेत. शिस्तीखातर कोणास प्रभूच्या मेजापासून दूर ठेवण्याची प्रथा आपल्या बहुतेक पंथांत आहे, आणि ती सर्वस्वी चूक आहे असे आम्ही म्हणत नाही. मत्तयाच्या अध्यायात तिला आधार आहे. परंतु कार्यवृत्तात दूर ठेवल्याची नोंद असते, तशी परत घेतल्याची नोंद तितक्याच ठळकपणे असते काय? परत आलेली व्यक्ती पुन्हा शब्बाथ शाळेत शिकवू शकते काय, पंचात निवडली जाते काय, तिच्या मुलीस मंडळीत स्थळ येते काय? बहुधा उत्तर असे मिळते की क्षमा केली आहे, पण. या ‘पण’मध्ये 1843 सालच्या मुंबईचे सगळे शास्त्री बसलेले असतात. प्रायश्चित्त झाले तरी पंक्तीस बसवावे की नाही, हाच त्यांचाही वाद होता. जांभेकरांच्या बाजूने उभे राहणारे त्या वेळी थोडे होते, आणि आजही आपल्या पंचमंडळीत असा मनुष्य बोलू लागला तर तो बहुधा एकटा पडतो.

शहरातील मंडळीत हे अधिक बिकट होते. चिक्कडपल्लीसारख्या ठिकाणी मराठी ख्रिस्ती घर तेलुगू शेजारात राहते, मुले इंग्रजीत शिकतात, आणि मराठी उपासनेस येणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. अशा लहान मंडळीत प्रत्येकास प्रत्येकाचा इतिहास पाठ असतो. तेथे एखादा तरुण चुकला आणि वळला, तर त्याने नव्याने आरंभ करावा कोठे? त्यास निनावी होण्याचीही सोय नाही. म्हणून तो दुसऱ्या पंथाच्या मोठ्या सभागृहात जातो, जेथे त्यास कोणी ओळखत नाही. आणि आपण त्यास अविश्वासू म्हणतो. त्यास कृपेची ओढ नव्हती असे नाही. ती त्यास अनोळखी माणसांत मिळण्याची आशा अधिक वाटली. लहान मंडळीचे बळ तिच्या ओळखीत असते, आणि ओळख असूनही मोकळेपणाने घेणे तिला जमले तर लक्ष्मीबाईंच्या ग्रंथातील तो स्वर तेथे ऐकू येईल.

रमाबाईंच्या अखेरच्या कामाचा उल्लेख राहिला. आयुष्याची शेवटची पुष्कळ वर्षे त्यांनी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरास दिली. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर भाषा गरीब, अशिक्षित स्त्रियांस उमगत नाही, म्हणून इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी पुन्हा मुळापासून काम मांडले. ज्या बाईस कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिली होती, ती म्हातारपणी कमीत कमी शब्दांत सांगावयास शिकत होती. तिच्या भाषांतराची भाषा सर्वत्र साधली आहे असे आम्हांस वाटत नाही. काही ठिकाणी मुळाशी इमान राखताना मराठी वाक्य अवघडले आहे, आणि म्हणून ते मंडळ्यांतून रुजले नाही. पण उपदेशकाने ते एकदा तरी हाती घ्यावे. एप्रिल 1922 मध्ये रमाबाई निवर्तल्या तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते आणि अखेरची मुद्रिते तपासून झाली होती. समग्र ग्रंथ 1924 साली बाहेर पडला. तो केडगावच्या मुक्ती छापखान्यात छापला गेला, आणि तेथे खिळे जुळविण्याचे काम मुक्तीतील मुली व स्त्रिया करीत होत्या.